गेटासमोरच्या तीन रेघा

गेल्या वर्षी आईला घेऊन पहाटेच्या विमानाने निघालो होतो. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. व्हीलचेअर मिळाली, तपासणी झाली, गेटापर्यंत सगळं नीट पार पडलं. गेटावर आल्यावर कळलं, विमान रिमोट बेवर आहे. म्हणजे खाली उतरायचं, बसमध्ये चढायचं, एप्रनवरून, म्हणजे विमानं उभी राहतात त्या काँक्रीटच्या पटांगणावरून, लांबचा फेरा मारायचा आणि मग विमानाला लावलेल्या रॅम्पवरून वर जायचं. बस गच्च भरली होती. आईला बसायला जागा मिळाली आणि मी तिच्या खांद्याला धरून उभा राहिलो. बस टर्मिनलच्या कडेकडेने निघाली तेव्हा काचेतून ओळीने चार-पाच रिकामी गेटं दिसली. टर्मिनलमधून विमानाच्या दाराला लागणारे पूल, म्हणजे एरोब्रिज, आखडून घेतलेले, खाली काँक्रीटवर एकेक जाड पिवळी रेघ, आणि आजूबाजूला एकही माणूस नाही. आई म्हणाली, "अरे, इथं एवढी जागा आहे की. मग आपल्याला इतक्या लांब कशाला नेतायत?" शेजारी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने ऐकलं आणि तो समजुतीने म्हणाला, "काकू, ती इंटरनॅशनलची गेटं आहेत. त्यांची विमानं रात्रीच गेली. आपलं डोमेस्टिक आहे ना."

तो मुलगा खरं तेच सांगत होता. चूक त्याची नव्हती, आणि त्या दिवशी त्या विमानाला कुठे उभं करायचं हे ठरवणाऱ्याचीही नसावी. चूक झाली ती कित्येक वर्षं आधी, टर्मिनलचा नकाशा कागदावर होता तेव्हा. कुणीतरी ठरवलं की ही गेटं अमुक प्रवाशांची, अमुक आकाराच्या विमानांची, आणि कायमची. माझं म्हणणं असं की आपल्याकडे यापुढे जे टर्मिनल बांधलं जाईल त्यात हे 'कायमचं' शक्य तितकं कमी असावं. नवी मुंबईचे पुढचे टप्पे आहेत, सांताक्रूझचं टर्मिनल १ पाडून नव्याने उभारण्याचं घाटत आहे, पुण्याजवळचा पुरंदरचा विमानतळ तर अजून शेतातच आहे. गेटाचा नकाशा बदलायची वेळ आत्ताच आहे. काँक्रीट ओतल्यावर पुढची तीस वर्षं फक्त बसचे फेरे वाढवता येतात.

मुंबईचं वेळापत्रक पाहिलं की मुद्दा लगेच कळतो. युरोपकडे जाणारी बरीचशी मोठी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, कारण ती सकाळी तिकडे पोचली पाहिजेत आणि प्रवाशांना पुढची विमानं मिळाली पाहिजेत. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे चार या वेळात बोइंग ७७७, ७८७, एअरबस ए३५० यांची गर्दी असते. पहाटे पाचनंतर चित्र पालटतं. नागपूर, गोवा, दिल्ली, बेंगळुरू, सगळीकडे जाणारी ए३२० आणि ७३७ सारखी लहान विमानं एकामागून एक सुटू लागतात. गर्दीच्या या दोन वेळा एकमेकींवर फारशा चढत नाहीत. शाळेच्या इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक भरवतात, तसंच इथे करता येईल अशी वेळेची सोय निसर्गतःच आहे. अडचण बाकांच्या मापाची.

ते माप असं आहे. इकाओ ही नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना विमानांचे पंखांच्या पसाऱ्यावरून गट पाडते. २४ ते ३६ मीटर पसारा असलेली विमानं 'सी' गटात, ५२ ते ६५ मीटरची 'ई' गटात, ६५ ते ८० मीटरची 'एफ' गटात. ए३२० चा पसारा ३५.८ मीटर, ७३७ मॅक्सचा ३५.९. बोइंग ७७७-३००ईआरचा ६४.८. शेजारी उभ्या विमानाशी किती अंतर राखायचं तेही ठरलेलं आहे, 'सी'साठी साडेचार मीटर आणि 'ई'साठी साडेसात. आता साधी बेरीज करा. एका ७७७ ला ६५ अधिक साडेसात, म्हणजे साडेबहात्तर मीटर रुंदी लागते. दोन ए३२० शेजारीशेजारी उभी केली तर दोन्हींचे पसारे आणि मधलं अंतर मिळून साडेशहात्तर, कडेची मोकळी जागा धरून ८० ते ८५. मोठ्या विमानाची जागा जेमतेम दहा-बारा मीटरने रुंद केली की तिथे सकाळी दोन लहान विमानं मावतात.

जगभरातल्या विमानतळांवर अशा जागा गेली कित्येक वर्षं वापरात आहेत. जमिनीवर एकीच्या जागी तीन पिवळ्या रेघा मारलेल्या असतात. मधली रेघ मोठ्या विमानाची, डावी-उजवी लहान विमानांची. दोन एरोब्रिज असतात. ७७७ आलं की दोन्ही त्याच्याच पुढच्या दोन दारांना लागतात आणि साडेतीनशे माणसं निम्म्या वेळात उतरतात. दोन ए३२० आली की एकेक एरोब्रिज एकेका विमानाला. आतल्या प्रतीक्षागृहाचा हिशेबही आपोआप जुळतो. दोन ए३२० मिळून तीनशे साठ-सत्तर प्रवासी, म्हणजे जवळजवळ एका ७७७ एवढेच. तेवढ्याच खुर्च्या, तेवढीच प्रसाधनगृहं. पहाटे पाच ते अकरा या वेळात अशा एका जोडगेटावरून आठ-दहा लहान विमानं सहज निघतील. दीड हजार माणसं पायी चालत, छपराखालून विमानात बसतील. त्यात आईसारखी किती असतील याचा अंदाज ज्याने कधी म्हातारं माणूस सोबत नेलं आहे त्याला करता येईल.

अर्थात फक्त रेघा मारून हे होत नाही. ए३२० चं दार जमिनीपासून साडेतीन मीटरच्या आसपास, ७७७ चं त्याहून मीटरभर तरी वर. एरोब्रिजला दोन्ही उंची गाठता आल्या पाहिजेत, आणि तेही उतार फार तीव्र न होता, नाहीतर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा जीव जातो. जमिनीखालची इंधनाची तोंडं तिन्ही रेघांना पुरतील अशी बसवावी लागतात. वैमानिकाला 'डावीकडे, थोडं पुढे, थांब' असं दाखवणारा फलक कुठलं विमान कुठल्या रेघेवर येतंय हे ओळखणारा हवा. ७७७ ची लांबी जवळजवळ ७४ मीटर, ए३२० ची साडेसदतीस. मोठ्या विमानाची शेपटी मागच्या टॅक्सीमार्गावर, म्हणजे विमानं धावपट्टीकडे ये-जा करतात त्या रस्त्यावर, येता कामा नये. मधल्या रेघेवर विमान असेल तेव्हा दोन्ही बाजूंच्या रेघा बंद, हे जागावाटप करणाऱ्याला चोवीस तास डोक्यात ठेवावं लागतं. मोठं विमान दोन तास उशिरा आलं तर सकाळच्या चार लहान विमानांची घडी विस्कटते. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच सगळीच्या सगळी गेटं अशी करावीत असं मी म्हणत नाही. काही गेटं कायमची मोठ्यांची, काही कायमची लहानांची, आणि मधला एक भरघोस वाटा दोघांचा. तो वाटा किती हे त्या विमानतळाच्या तासातासाच्या वेळापत्रकावरून काढावं, उद्घाटनाच्या जाहिरातीत काय छान दिसेल त्यावरून नव्हे.

बसमधल्या त्या मुलाने सांगितलेली अडचण मात्र पंखांची नव्हती, दारांची होती. आंतरराष्ट्रीय प्रवासी इमिग्रेशन आणि कस्टममधून गेले पाहिजेत, देशांतर्गत प्रवाशांशी त्यांची गाठ पडता कामा नये. त्यामुळे गेटामागचा रस्ताच वेगळा असतो. पण यालाही उपाय आहे. गेटाच्या मागे दोन रस्ते ठेवायचे आणि मध्ये कुलपाची दारं. रात्री आंतरराष्ट्रीय रस्ता उघडा, देशांतर्गत बंद. पहाटे सीआयएसएफच्या जवानांनी जागा तपासून घ्यायची आणि कुलपं बदलायची. कॅनडात तर देशांतर्गत, अमेरिकेला जाणारे आणि बाकी परदेशी असे तीन प्रकारचे प्रवासी वेगळे ठेवावे लागतात, तरी तिथल्या मोठ्या विमानतळांवर एकच गेट दिवसभरात वेगवेगळ्या कामाला येतं. यासाठी काचेच्या भिंती जास्त लागतात, एखादी मार्गिका जास्त लागते, दोन माणसं जास्त लागतात. मुंबईचं टर्मिनल २ २०१४ मध्ये सुरू झालं आणि पुढे देशी-परदेशी दोन्ही विमानं एका छपराखाली आली. छप्पर एक करण्याचा धडा आपण शिकलोच आहोत. आता पुढचा.

नवी मुंबईकडे पाहा. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून पहिली विमानं उडाली ती सगळी देशांतर्गत. परदेशी विमानं मागाहून यायची. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी आणि शेवटी नऊ कोटी, असा त्या विमानतळाचा पल्ला आहे. त्या प्रवासात देशी-परदेशीचं प्रमाण किती वेळा बदलेल हे आज छातीठोकपणे कोण सांगू शकेल?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण विमानांबाबतचे अंदाज फार लवकर शिळे होतात. जेट एअरवेज मुंबईहून पंख्याच्या छोट्या एटीआरपासून ७७७ पर्यंत सगळी विमानं उडवत होती; एप्रिल २०१९ मध्ये ती बंद पडली आणि एका फटक्यात या शहराच्या आकाशातलं मापच बदललं. किंगफिशरने २००५ मध्ये ए३८० मागवली होती. ती आली नाहीत आणि कंपनीही राहिली नाही. इंडिगोने २००६ पासून दहाएक वर्षं फक्त ए३२० उडवली. २०१७ मध्ये तिने एटीआर आणली, २०२३ मध्ये भाड्याची ७७७ घेतली, एप्रिल २०२४ मध्ये ३० ए३५० ची मागणी नोंदवली आणि पुढे ती ६० वर नेली. जुलै २०२५ मध्ये तिची ७८७ मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅमला जाऊ लागली. एकाच कंपनीने वीस वर्षांत लहान, मध्यम, मोठं सगळं केलं. ज्याने २०१० साली 'या कंपनीला ३६ मीटरच्या जागा पुरतील' असं धरून गेटं बांधली असतील त्याचा अंदाज त्या दिवशी बरोबरच होता.

ए३८० ची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असायला हवी. ८० मीटर पसाऱ्याचं हे दुमजली विमान २००७ मध्ये सेवेत आलं. त्याच्यासाठी जगभरच्या विमानतळांनी गेटं रुंद केली, वरच्या मजल्याला लागणारे वेगळे एरोब्रिज घेतले, टॅक्सीमार्ग वाढवले. मे २०१४ पासून ते मुंबईतही येऊ लागलं. २०१९ मध्ये एअरबसने उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि २०२१ च्या डिसेंबरात शेवटचं विमान ग्राहकाच्या ताब्यात गेलं. ग्राहकांना एकूण २५१ मिळाली. ८० मीटर रुंदीच्या त्या जागेत दोन ए३२० मधल्या अंतरासकट बसतात, म्हणून ज्यांनी तिथे तीन रेघा मारून ठेवल्या त्यांची जागा वाया गेली नाही. बाकीच्यांची गेली.

आणि गेटाची ताकद किती असते पाहा. बोइंगच्या नव्या ७७७एक्सचा पसारा ७१.८ मीटर आहे. तेवढा लांब पंख इंधन वाचवतो. पण जगातली बहुतेक मोठी गेटं ६५ मीटरच्या मापाची आहेत. म्हणून बोइंगने पंखांची टोकं जमिनीवर वर दुमडता येतील अशी केली, म्हणजे पसारा ६४.८ वर येतो. गेटात मावावं म्हणून विमानाने पंख दुमडला. ए३२० आणि ७३७ ३६ मीटरच्या जरा अलीकडे थांबतात तेही याच कारणाने. आपण जमिनीवर जी रेघ मारतो ती अशी दूरवर जाते. ती मारताना घाई नको.

आता जे आक्षेप मी ऐकले आहेत त्यांतला सर्वांत वजनदार विमान कंपन्यांचा आहे. स्वस्त तिकिटांच्या कंपन्या म्हणतात, आम्हाला एरोब्रिज नकोच. रिमोट बेवर पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांनी माणसं चढतात, विमान लवकर परत उडतं, आणि एरोब्रिजचे पैसेही वाचतात. यात तथ्य आहे. पण वाचलेली मिनिटं कंपनीची, आणि बसमध्ये उभं राहणं, जुलैच्या पावसात रॅम्पवर भिजणं, मेमध्ये तापलेल्या काँक्रीटवर चालणं प्रवाशाचं. गेटाला लागलेल्या विमानालाही मागच्या दाराशी रॅम्प लावता येतो, धडधाकट प्रवासी खालून जाऊ शकतात आणि म्हातारी, आजारी, तान्ही बाळं घेतलेली माणसं एरोब्रिजवरून. हे दोन्ही एकत्र करता येतं. गेटच नसेल तर काहीच करता येत नाही.

१४ जानेवारी २०२४ ची रात्र आठवते का? गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान आधीच कित्येक तास लांबलं होतं. दिल्लीत धुकं म्हणून ते मुंबईला वळवलं गेलं आणि दमलेले, भुकेले प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवले. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. विमान कंपनीला १ कोटी २० लाख आणि मुंबई विमानतळाला एकूण ९० लाख रुपये दंड झाला. सगळी चर्चा प्रवाशांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर झाली. मंत्रालयाने बजावलेल्या नोटिशीत मात्र एक साधी गोष्ट नमूद होती: या विमानाला टर्मिनलला लागून असलेली जागा न देता सी-३३ हा रिमोट बे दिला गेला. टर्मिनलला लागलं असतं तर ती माणसं चालत आत गेली असती. पाणी, खाणं, शौचालय सगळं हाताशी असतं. गेट कुणाला मिळतं हा सोयीचा नुसता तपशील नाही.

मग हे होत का नाही? एक कारण पैशाच्या हिशेबात आहे. मोठ्या विमानतळांचे दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजे एरा, ठरवतं. विमानतळ चालवणाऱ्याने मालमत्तेत जो मान्य भांडवली खर्च केला त्यावर त्याला ठरावीक परतावा मिळतो, आणि तो वसूल होतो विमान कंपन्यांच्या शुल्कांतून आणि तुमच्या-माझ्या तिकिटातल्या यूडीएफमधून, म्हणजे विमानतळ वापरण्याच्या शुल्कातून. म्हणजे गेट दिवसातले सोळा तास रिकामं असलं तरी त्याचे पैसे आपण भरतच असतो. त्या पहाटे आईने ज्या गेटांकडे बोट दाखवलं तसल्या गेटांचे पैसेही कुणा ना कुणा प्रवाशाच्या तिकिटातून जातात. एराने दर ठरवताना किती एरोब्रिज बांधले याबरोबर एकेक एरोब्रिज दिवसाला किती माणसांच्या कामी आला हे विचारावं, आणि उत्तर जाहीर करावं. नव्या टर्मिनलचा आराखडा मंजुरीला येतो तेव्हा एप्रनचा तासवार तक्ता सोबत मागावा: रात्री दोनला कुठल्या जागी काय उभं असेल, सकाळी सातला काय. हा एक तक्ता लोकांसमोर आला तरी अर्धं काम होईल.

ए३२० हूनही लहान विमानांबद्दल बोललं पाहिजे, कारण गेटाच्या चर्चेत ती कायम विसरली जातात. कोल्हापूर, नांदेड, जळगावसारख्या ठिकाणी जाणारा प्रवासी बहुतेक वेळा एटीआर किंवा एम्ब्रेअरमधून जातो. एटीआर ७२ चा पसारा २७ मीटर, प्रवाशांचं दार मागच्या बाजूला आणि जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर. नेहमीचा एरोब्रिज त्याला लागत नाही. म्हणून त्याला एप्रनच्या टोकाला पाठवतात, आणि उडान योजनेत पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस पाऊण तासाच्या उड्डाणासाठी बसमध्ये हिंदकळतो. त्याच्यासाठी महागडं काही लागत नाही. जोडगेटाच्या खालच्या मजल्यावर एक दार, तिथून विमानापर्यंत छप्पर घातलेली पायवाट, बस एवढंच. ३६ मीटरच्या रेघेवर २७ मीटरचं विमान आरामात उभं राहतं. गेट सगळ्यांचं करायचं म्हणतो तेव्हा मला हा प्रवासीही त्यात हवा आहे.

लवचीकपणाच्या नावाखाली दुसरं टोकही गाठू नये. वॉशिंग्टनचं डलेस विमानतळ १९६२ मध्ये उघडलं तेव्हा वास्तुविशारद एरो सारिनेन यांनी गेटंच ठेवली नव्हती. चाकांवरची प्रतीक्षागृहं प्रवाशांना थेट विमानापर्यंत न्यायची. विमान कुठलंही असो, कुठेही उभं असो. कल्पना देखणी होती. पण विमानं मोठी झाली, माणसं वाढली, एका विमानातून दुसऱ्यात जाणाऱ्यांची संख्या वाढली, आणि अखेर तिथेही रांगेने गेटं बांधावी लागली. गेट हवंच, फक्त ते एकाच मापाला बांधलेलं नको.

आणि जमीन. माझ्या मते सगळ्या चर्चेत हा मुद्दा आधी यायला हवा होता. नवी मुंबई विमानतळ ११६० हेक्टरवर आहे. त्यासाठी दहा गावं उठली, उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला. पुरंदरला कुंभारवळण, वनपुरी, पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, उदाचीवाडी या सात गावांनी रस्त्यावर उतरून सांगितलं की आमची अंजिराची, सीताफळाची बागायत आम्हाला द्यायची नाही. विमानतळ हवा की नको यावर दोन मतं असू शकतात. जी जमीन घेतली जाईल ती जपून वापरावी यावर असू नयेत.

मी वहीत हिशेब केला. एका मोठ्या विमानाची आणि दोन लहान विमानांची जागा वेगवेगळी केली तर टर्मिनलच्या कडेने दीडशे मीटरच्या वर लांबी लागते. म्हणजे प्रवाशालाही तेवढं जास्त चालावं लागतं. जोडगेट केलं तर ८० ते ८५ मीटरमध्ये भागतं. जागेची पुढून मागपर्यंतची लांबी मोठ्या विमानाला ८० मीटर आणि लहानाला ५० धरली, तर एका जोडगेटामागे सुमारे तीन हजार चौरस मीटर, म्हणजे तीस गुंठे वाचतात. अशी दहा गेटं केली तर तीनशे गुंठे, साडेसात एकर. पुरंदरमध्ये साडेसात एकर अंजिराची बाग म्हणजे दोन-तीन घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई. नकाशा अजून कागदावर आहे तोवर कुणीतरी हा हिशेब त्या गावांसमोर बसून करावा, आणि घेतलेल्या प्रत्येक गुंठ्यावर रात्री काय उभं राहणार आणि सकाळी काय, ते त्यांना दाखवावं.